स्थिर पातळीची नदी

भूजल अनुमान कक्षाच्या जळगाव कार्यालयात संगणक आला, तेव्हा त्याच्यासाठी आधी एक खोली रिकामी करावी लागली. मग खोलीला थंडाव्याचं यंत्र लागलं, आणि मग त्या यंत्राला पुरेल इतका विजेचा दाबच आमच्या गल्लीत येत नाही असं निघालं. तोवर संगणक खोक्यात होता. खोक्यात होता तेवढा काळ त्याच्याबद्दल कोणाचीही तक्रार नव्हती.

शहाण्णव सालच्या दिवाळीनंतर तो खोक्याबाहेर निघाला आणि देवचंद सपकाळेच्या ताब्यात गेला. देवचंद हा सहायक भूवैज्ञानिक. पिंप्राळ्याला दोन खोल्यांचं घर, एक जुनी स्कूटर, भूशास्त्रातली एम. एस्सी. आणि पुण्याला घेतलेलं प्रशिक्षण एवढी त्याची मिळकत. प्रशिक्षणात त्याला जमिनीखालचं पाणी संगणकात कसं भरायचं ते शिकवलं होतं. परत आल्यावर कार्यालयातल्या सगळ्यांनी त्याला एकच प्रश्न विचारला, की या मशीनवर पत्ते खेळता येतात म्हणतात ते खरं का.

मॉडेल बनवायचं काम समजायला सोपं होतं. तालुक्याचा नकाशा घ्यायचा आणि त्याचे सारखे चौकोन पाडायचे. मग जमीन उभी कापल्यासारखी धरून तिचे थर लावायचे. चोपड्याच्या त्या पट्ट्यात वरचा थर वाळू-मुरमाचा, गावविहिरींचं पाणी त्यातलं. त्याखाली पिवळी चिकणमाती, तिच्यातून पाणी झिरपतं पण सरकारी वेगाने. आणि तिच्याखाली खोल वाळू, जिथून ट्युबवेलवाले केळीला पाणी उपसतात. मग प्रत्येक थरातल्या प्रत्येक चौकोनाला एक आकडा द्यायचा. एक म्हणजे इथलं पाणी हलतं, वर-खाली होतं. शून्य म्हणजे भिंत, हिच्यातून थेंबही इकडचा तिकडे जात नाही. आणि उणे एक म्हणजे इथली पातळी स्थिर. किती का उपसा, ती तसूभर हलायची नाही.

उणे एक ही फार मोठी सोय होती. खऱ्या जमिनीत अशी सोय कुठेच नाही.

चौकोनांच्या कडेला काय ठेवायचं, यालाच हद्दीच्या अटी म्हणतात. दक्षिणेला तापी होती, तिथे उणे एक. उत्तरेला सातपुड्याचा खडक, तिथे शून्य. पायथ्याच्या गोट्यांतून मुरणारं पाणी पावसाच्या हिशोबात वरून घातलं. पूर्वेला काहीच नव्हतं. म्हणजे जमीन होती, पाणीही होतं. पण तिथे दुसरा तालुका सुरू होत होता आणि त्या तालुक्याचं मॉडेल पुढच्या वर्षीच्या आराखड्यात होतं. तेव्हा तिथेही शून्य. पश्चिमेला हरणी नदी. नदीचा मध्य ही जळगाव जिल्ह्याची हद्द, त्यापलीकडे धुळे जिल्हा. नकाशावर हरणी निळी होती. वरिष्ठ भूवैज्ञानिक फिरके साहेबांनी निळ्या रेघेवर बोट फिरवलं आणि म्हणाले, "नदी आहे. उणे एक टाका."

देवचंदने टाकले.

मॉडेल पहिल्या झटक्यात चाललं. दोन-तीन मिनिटं पडदा विचार करत बसला आणि मग प्रिंटर करकरायला लागला. फिरके साहेबांनी कागद हातभर लांब धरून पाहिला. दोन वर्षं पुढचा अंदाज काढला तरी सगळीकडे पाणी होतं. नदीकाठच्या धानखेडे गावात तर विहिरीत अकरा मीटर.

"झकास," साहेब म्हणाले. "उगाच लोक बोंबलतात."

ज्या लोकांना उद्देशून हे होतं त्यांच्यापैकी एक बाई त्याच आठवड्यात कार्यालयात येऊन बसल्या. धानखेड्याच्या सरपंच द्रौपदाबाई. महिला राखीव झाल्यावर गावाने त्यांना निवडून दिलं ते त्या गप्प बसतील या अंदाजाने. अंदाज आमच्याच कक्षाचे नाही, इतरांचेही चुकतात. सोबत कोणी नवरा, दीर, पुतण्या नव्हता. साहेब थोडा वेळ दाराकडे पाहत राहिले, कोणीतरी पुरुष मागून येईल म्हणून.

"साहेब, आमना गावनी पेवानी हिर खाले जाई ऱ्हायनी," द्रौपदाबाई म्हणाल्या. "हिरना चारीमेर नव्या ट्युबवेलना अर्ज पडेल शेतस. त्या थांबाडा."

"बाई, विहिरीभोवतीच्या ट्युबवेली थांबवणं आमच्या हातात नसतं. बैठकीत यादी ठरते. ज्या गावांचं पाणी फार खाली जातंय त्यांचं नाव यादीत आलं, की तिथे नवीन ट्युबवेल बंद. नाही आलं, तर चालू."

"मंग आमनं नाव टाका ना यादीमा."

"मशीन सांगेल तसं होईल."

"मंग मशीनले इचारा."

"विचारलं. मशीन म्हणतं, तुमच्या विहिरीत भरपूर पाणी आहे. अकरा मीटर."

द्रौपदाबाईंनी संगणकाकडे पाहिलं. त्याच्यावर खाकी कापडाचं आवरण होतं. "हाई आमना गावले कधी येल व्हतं?" त्यांनी विचारलं.

साहेब हसले. देवचंद हसला नाही, कारण सगळे आकडे त्याच्या बोटांनी टाइप केलेले होते. "बाई, हे मशीन नदीवर चालतं," तो समजावत म्हणाला. "तुमच्या शेजारून हरणी वाहते ना, ती विहिरीला पाणी देत राहते."

"हरणी वाहस?" बाई म्हणाल्या. "कोनता गावमा?"

पुढच्या मंगळवारी देवचंद स्वतःच्या रजेवर चोपड्याच्या एस्टीने आणि पुढे जीपने धानखेड्याला गेला. हरणी होती. नकाशात जिथे होती तिथेच होती, वळणं तंतोतंत. पात्रात गावच्या पोरांनी कबड्डीचं मैदान आखलं होतं आणि ते कायमचं असल्यामुळे रेघांच्या जागी विटा पुरल्या होत्या. वाळूच्या ट्रॉल्या भरत होत्या. वरच्या अंगाला एक धरण होऊन बरीच वर्षं झाली होती, आणि पावसाळ्यातले काही दिवस सोडले तर पाणी या बाजूला यायचं विसरलं होतं.

पलीकडच्या काठावर तामिळनाडूच्या नंबरप्लेटची बोअरची गाडी उभी होती आणि तिचा धुरळा वाऱ्याबरोबर अलीकडे येत होता.

"तिकडे पण चालूये?" देवचंदने विचारलं.

"ते धुळं जिल्हा," द्रौपदाबाई म्हणाल्या. "तठे आमनं काय चालस? अर्ज कया तं म्हने, तुमना जिल्हाले सांगा."

विहीर काठापासून हाकेच्या अंतरावर होती. बायका दोर सोडत होत्या आणि तो बराच वेळ सुटतच राहत होता. पुष्पाबाई नावाच्या एका म्हातारीने देवचंदला विचारलं, की तो नवा ग्रामसेवक आहे का. नाही म्हटल्यावर तिने त्याच्यात रस घेणं सोडलं.

जळगावला आल्यावर देवचंदने हरणीवरचे सगळे उणे एक काढले आणि तिथे साधे एक टाकले. म्हणजे इथेही बाकी जमिनीसारखं पाणी हलतं, संपतं. पलीकडच्या काठाच्या ट्युबवेली मात्र त्याला टाकता येईनात, कारण त्याचे चौकोन नदीच्या पलीकडच्या काठाला संपत होते. त्याने मॉडेल चालवलं. पडदा विचार करत बसला, बसला, आणि शेवटी उत्तर जुळत नाही असं सांगून थांबला. देवचंदने पुन्हा चालवलं. पुन्हा थांबलं. आठवडाभर हा कार्यक्रम झाला. नदी खोटी असताना मॉडेल घोड्यासारखं पळत होतं. खरी झाली की अडून बसत होतं.

शेवटी काळाचे तुकडे बारीक करून, म्हणजे महिन्याऐवजी दिवसादिवसाचा हिशोब मांडून, ते चाललं. धानखेड्याची विहीर दुसऱ्या उन्हाळ्यात कोरडी. कागदावर त्या चौकोनात पातळीच्या जागी एकावर तीस शून्यं असलेला आकडा छापून आला. चौकोन कोरडा पडला की ते सॉफ्टवेअर त्यात असा अचाट आकडा भरतं, म्हणजे चुकूनही कोणी तो खरा धरू नये. आणि मग तो चौकोन हिशोबातून बाद करतं. पुढे कितीही पाऊस पडला तरी बाद ते बाद. एकदा सुकलेल्याला परत ओलं करायची सोय आमच्याकडच्या प्रतीत नव्हती.

"हे आधी चालत नव्हतं?" फिरके साहेबांनी विचारलं.

"नाही सर. अडत होतं."

"आणि पहिलं एका दमात चाललं."

"हो, पण पहिल्यात नदी वाहतेय."

"नदी वाहणारच. ती कोरडी आहे याला आधार काय?"

"मी तिच्यात उभा राहून आलो, सर."

"सपकाळे, उभं राहणं हा डेटा नाही. मोजणी ठाण्याच्या नोंदी आणा."

मोजणी ठाणं हरणीवर होतं, पण ते बंद करण्यात आलं होतं. नदीत मोजायला काही उरलं नाही म्हणून तिथला माणूस दुसरीकडे बदलला. साहजिकच पाणी नसल्याची एकही नोंद झाली नाही आणि शेवटची नोंद भरल्या नदीची राहिली. साहेबांनी ती फाईल देवचंदपुढे ठेवली. त्यांचा काही दुष्टपणा नव्हता. भाईदास फिरके हे माणूस म्हणून चांगलेच. त्यांच्या स्वतःच्या रावेरच्या विहिरीचं पाणी दरवर्षी खाली जात होतं आणि त्याबद्दल ते घरी हळहळत. कार्यालयात मात्र ते नकाशाला धरून असत.

"आणि दुसरं," ते म्हणाले, "नदी अर्धी धुळ्याची आहे. आपण एकट्याने कोरडी करायची म्हणजे काय? उद्या ते विचारतील. धुळ्याचं पत्र आणा, त्यांची हरकत नसली तर मी बैठकीत मांडतो."

धुळ्याच्या अनुमान कक्षात देवचंदचा कॉलेजचा मित्र होता, अभिमन बोरसे. दोघांनी एकाच होस्टेलला एकाच गादीवर आळीपाळीने झोपून भूशास्त्र शिकलेलं. देवचंद एस्टीने एरंडोल, पारोळा करत धुळ्याला पोचला, तेव्हा अभिमनने त्याला आधी पोटभर भजी खाऊ घातली आणि मग आपलं मॉडेल दाखवलं. शिरपूर तालुक्याच्या त्या बाजूचं. हरणी त्याच्या पूर्वेची हद्द. सगळीकडे उणे एक.

"तू पण?" देवचंद म्हणाला.

"मग काय शून्य टाकू? शून्य टाकलं तर निम्मी गावं कोरडी पडतात. साहेब म्हणाले, नदी आहे."

दोघांनी पाण्याच्या जमाखर्चाचे कागद शेजारी शेजारी ठेवले. देवचंदच्या कागदात हरणी जळगाव जिल्ह्याला पाणी देत होती. अभिमनच्या कागदात तीच हरणी धुळ्याला त्याहून जास्त देत होती. दोन्ही मिळून जी नदी होत होती, तेवढं पाणी तापीलाही सोसलं नसतं.

"आयला," अभिमन म्हणाला, "दोघांची मिळून गंगाच झाली की."

"हसू नको. तू पत्र दे. हरणी कोरडी आहे एवढंच लिही."

"मी लिहिलं, तर मलाच विचारतील, मग तुमच्या मॉडेलमध्ये का वाहतेय? माझी यादी बदलेल. ज्यांची बोअरची गाडी तू आमच्या काठावर पाहिलीस ना, त्यांना परवानगी माझ्याच अहवालावर मिळालीय. तू आधी लिही. जळगाव म्हणतंय कोरडी, म्हणून आम्ही म्हणतो कोरडी."

"आमचे साहेब म्हणतात, धुळं म्हणालं तर आम्ही म्हणतो."

"मग दोघं एकाच दिवशी लिहू."

"एकाच दिवशी लिहिलं तरी आवक क्रमांक कोणाचा आधी पडणार?"

यावर अभिमनने आणखी एक चहा सांगितला. एक गोष्ट मात्र त्याने कबूल केली, की औपचारिक विचारणा आली तर तो टाळणार नाही. वर पाठवून उत्तर मिळवून देईल. देवचंद जळगावला परत आला आणि त्याने औपचारिक विचारणा पाठवली.

उत्तर यायच्या आत बैठक झाली.

बैठकीला जिल्ह्याचे मोठे अधिकारी अध्यक्ष होते. फिरके साहेबांनी पहिल्या मॉडेलचा नकाशा लावला. देवचंदला बोलायची परवानगी नव्हती, पण मनाईही नव्हती. त्याने उठून दुसऱ्या मॉडेलचा कागद अध्यक्षांपुढे ठेवला. त्याला वाटलं होतं, निदान कोणीतरी विचारेल.

विचारलं. अध्यक्षांनी कागद चष्म्याला टेकवल्यासारखा जवळ आणला. "हे धानखेडे. हा आकडा किती झाला?"

"सर, तो आकडा म्हणजे कोरडं. विहीर आटली की सॉफ्टवेअर तसा आकडा छापतं."

"आटली की शून्य यायला पाहिजे."

"शून्य ही खरी पातळी असू शकते, सर. म्हणून ते असा आकडा घेतात जो खरा असूच शकत नाही."

"म्हणजे तुमच्या मॉडेलमध्ये जे असूच शकत नाही असे आकडे येतात," अध्यक्ष म्हणाले. ते रागावले नव्हते. त्यांनी दोन्ही कागदांवर नजर टाकली. एकावर अकरा होतं, दुसऱ्यावर तीस शून्यं. "फिरके, तुम्ही कोणतं सादर करताय?"

"सर, पहिलं. दुसरं प्रायोगिक आहे."

"पहिलं घ्या."

धानखेड्याचं नाव यादीत आलं नाही. पाणी भरपूर असलेलं गाव म्हणून ते नकाशावर हिरव्या रंगात आलं, आणि हिरवा रंग पाहून इतर गावांच्या लोकांनीही तिथे जमिनी विचारायला सुरुवात केली. विहिरीभोवतीच्या ट्युबवेलींना परवानग्या मिळाल्या. पहिली केळीच्या बागा असलेल्या बन्सीलाल शेठची झाली. अगदी विहिरीला लागून. पूजेला त्यांनी सरपंच म्हणून द्रौपदाबाईंनाच बोलावलं होतं. त्या गेल्या नाहीत. नारळ उपसरपंचांनी फोडला.

दुसऱ्या उन्हाळ्यात विहीर आटली. देवचंदच्या दुसऱ्या मॉडेलने सांगितलं होतं त्यापेक्षा महिनाभर आधी, कारण पलीकडच्या काठाच्या ट्युबवेली देवचंदच्या चौकोनांत नव्हत्या.

द्रौपदाबाई टँकरचा प्रस्ताव घेऊन आल्या. टँकर द्यायला अनुमान कक्षाचा दाखला लागतो, की गावात पाण्याचं साधन उरलेलं नाही. देवचंदने दाखला लिहिला आणि सहीला नेला. फिरके साहेबांनी पेन उघडलं, मग पुन्हा टोपण लावलं.

"सपकाळे, याच महिन्याला आपल्याच अहवालात त्या विहिरीत अकरा मीटर पाणी आहे. अहवाल बैठकीत मंजूर आहे. एका कार्यालयाची दोन मतं कशी असतील?"

"सर, विहीर कोरडी आहे. मी पाहून आलोय."

"मी कुठे नाही म्हणतो? कोरडी असेल. मग आधी मॉडेल दुरुस्त करून घ्या, अहवाल बदलू, मग दाखला देऊ. मॉडेल दुरुस्त करायचं तर नदी बदलावी लागेल. धुळ्याचं पत्र आलं?"

ते त्याच आठवड्यात आलं. अभिमनने शब्द पाळला होता. विचारणा वर पाठवली, पाठपुरावा केला, आणि वरच्यांनी सगळ्यांना चालेल असं उत्तर काढलं होतं. हरणी नदी तिच्या मध्यापर्यंत, म्हणजे जळगाव जिल्ह्याच्या हद्दीत, कोरडी दाखवण्यास धुळे कक्षाची हरकत नाही. मध्यापासून पुढची नदी मात्र धुळे कक्षाच्या मंजूर अहवालाप्रमाणे वाहती ठेवावी.

देवचंद पत्र घेऊन संगणकासमोर बसला. मॉडेलमध्ये हरणी एका चौकोनाची रुंद होती. चौकोनाला एकच आकडा देता येतो. अर्धा चौकोन कोरडा आणि अर्धा भरलेला, असं पुण्यालाही शिकवलेलं नव्हतं. चौकोन बारीक करायचे, तर सगळा तालुका पहिल्यापासून भरायचा, आणि तो भरला तरी पलीकडच्या अर्ध्या नदीतून उणे एक गावाला पाणी पुरवतच राहिलं असतं. विहीर पुन्हा भरली असती. कदाचित दहा मीटर.

द्रौपदाबाई बाकावर बसल्या होत्या. देवचंदने त्यांना आत बोलावून सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. बैठक, तीस शून्यं, पत्र, अर्धी नदी.

"म्हंजे धुळाकडली अर्धी वाही ऱ्हायनी?"

"कागदावर, हो."

"आन् आमनी अर्धी?"

"ती पण. एकाच चौकोनात आहे ना."

बाई म्हणाल्या, "बाया बन्सीलालना ट्युबवेलवर जातस. केयले पानी दी व्हयनं की मंग तो आमले भरू देस. परोनदिन दिधं नही. म्हने मोटर जयनी." मोटर जळाल्याचं ऐकून बायका रिकाम्या हंड्यांनी परतल्या होत्या. बाईंनी पदराने तोंड पुसलं. "त्यानं बी आटी जाई, तवय काय कराना?"

तेही आटणार, हे देवचंदला माहीत होतं. खालच्या थराचं उत्तर त्याने मागेच काढून पाहिलं होतं, नदी खरी ठेवून. "टँकरचं मी परत एकदा साहेबांना विचारतो," तो म्हणाला.

"तुम्ही इचारी इचारी थकी गयात, भाऊ. तुमनावर राग नही मना." द्रौपदाबाई उठल्या. "एक करा. ते अकरा मीटरवालं कागद शे ना, त्यानी नक्कल द्या माले. शिक्का मारीसन."

"तिचं काय करणार?"

"हिरवर लाई देसु. बठ्ठा गावले समजू दे, पानी कोठे शे ते."

विहिरीवर लावायला म्हणून देवचंदने नक्कल काढली. फिरके साहेबांनी ती वाचली, मंजूर अहवालाशी ताडून पाहिली, आणि लगेच सही केली. गोल शिक्काही स्वतःच मारला. शाई फिकट वाटली म्हणून पुन्हा एकदा, नीट दाबून. द्रौपदाबाईंनी तो कागद चौघडी करून पिशवीत ठेवला आणि चोपड्याची एस्टी चुकू नये म्हणून त्या लगबगीने जिना उतरल्या.